मूक आणि अतिवास्तव: शब्दांवाचून चालणाऱ्या चित्रकादंबऱ्या कोण कोण वाचतं?

काजळरेघ

मंडळी, बिनशब्दांचं चित्र आपल्याला नवं नाही. शि. द. फडणिसांची मुखपृष्ठं बघत आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. शर्टावरची मांजरं, साडीवरचे उंदीर, खाली एक ओळ नाही, तरी आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळायचं. पण तिथे गंमत एका चित्रात पुरी होते. मला बोलायचंय ते शे-दोनशे पानं एकही संवाद न घेता चालणाऱ्या चित्रकादंबऱ्यांबद्दल, आणि त्यातही ज्यांच्यात घडणारं आपल्या जगाच्या नियमांत बसत नाही अशांबद्दल. मूकपणा आणि अतिवास्तव या दोन गोष्टी इतक्या वेळा एकत्र का येतात, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. माझं उत्तर आता बऱ्यापैकी पक्कं झालंय: विचित्र गोष्टीला नाव दिलं की ती निम्मी माणसाळते. शब्द नसले तर ती पुस्तक मिटेपर्यंत रानटी राहते.

पुरावा म्हणून अतिवास्तववादी चित्रकार माक्स अर्न्स्टची दोन पुस्तकं शेजारी ठेवते. दोन्हींचं तंत्र एकच. एकोणिसाव्या शतकातल्या स्वस्त कादंबऱ्यांतली, मासिकांतली कोरीव चित्रं कापायची आणि त्यांचे तुकडे एकमेकांत बसवायचे. १९२९ च्या 'ला फाम सां तेत'मध्ये प्रत्येक चित्राखाली एक ओळ आहे. ओळी चांगल्या आहेत, पण माझा डोळा दर वेळी आधी ओळीकडे जातो आणि मग चित्रात तिचा पुरावा शोधत बसतो. १९३४ साली पॅरिसमध्ये पाच पुस्तिकांत आलेल्या 'युन समेन द बोंते'मधून त्या ओळी गेल्या. १८२ चित्रं, आठवड्याच्या सात वारांत वाटलेली. रविवारी चिखल, सोमवारी पाणी, मंगळवारी आग, बुधवारी रक्त, असं एकेका वाराचं मूलतत्त्व. भागाच्या सुरुवातीला शीर्षक आणि एखादं अवतरण, पुढे नुसती चित्रं. रविवारी छातीवर पदकं लावलेले, सिंहाच्या डोक्याचे रुबाबदार गृहस्थ हिंडतात. सोमवारी पाणी थेट झोपायच्या खोलीत शिरतं. एका चित्रात बाई पलंगावर गाढ झोपलीय आणि तिच्याभोवती लाटा उसळतायत. स्वप्न आहे, पूर आहे की ती मेलीच आहे? खाली एक ओळ असती तर तिन्हींतलं एकच उरलं असतं. इथे तिन्ही एकदम खरी राहतात, आणि मला त्या पानावरून पुढे जायला वेळ लागतो.

दुसरं टोक म्हणजे शॉन टॅनचं 'द अरायव्हल' (२००६). इथला विचित्रपणा प्रेमळ आहे. पहिल्याच पानावर नऊ चौकटी आहेत: कागदाचा पक्षी, घड्याळ, खुंटीवरची टोपी, पातेलं, मुलीने काढलेलं चित्र, तडा गेलेली किटली, कप, प्रवासाची बॅग, कुटुंबाचं चित्र. माणूस घर सोडून निघालाय एवढं कळतं. मग तो बोटीने अशा शहरात जातो जिथली लिपी, फळं, पाळीव प्राणी, घड्याळं, सगळंच टॅनने नव्याने रचलंय. शेवटाकडे तशाच नऊ चौकटींचं पान पुन्हा येतं, पण आता वस्तू त्या नव्या देशाच्या असतात. 'माणूस रुळला' असं सांगणारी ओळ कुठेही नाही. ते तुमचं तुम्हाला दिसतं, आणि दिसतं तेव्हा घशात काहीतरी येतं.

तिसरं नाव अमेरिकन चित्रकार जिम वुडरिंग. त्याचा फ्रँक नावाचा प्राणी कुठल्या जातीचा ते सांगता येत नाही. पुढे आलेले दात, हातमोजे, आणि काहीही दिसलं की त्यात नाक खुपसायची सवय. 'वेदरक्राफ्ट' (२०१०) आणि 'काँग्रेस ऑफ द ॲनिमल्स' (२०११) ही त्याची मोठी पुस्तकं. त्या जगात कारण आणि परिणाम दोन्ही आहेत, पण त्यांना जोडणारा नियम आपल्याला माहीत नाही. पाचव्या-सहाव्या पानापासून वाटायला लागतं की तो नियम कळेल, आता कळेल. कळत नाही, आणि तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. माझ्या मते या प्रकाराची सगळी जादू त्या 'आता कळेल'मध्ये आहे.

तुम्ही कोण कोण वाचता? काय आवडलं, काय अजिबात पचलं नाही?

पानगळ

वाचनखूण साठवली. या घराण्याचा मूळपुरुष राहिला, म्हणून लिहितो. फ्रान्स मासरील, बेल्जियमचा, जन्म १८८९. पहिल्या महायुद्धात तो स्वित्झर्लंडमध्ये होता, युद्धाविरुद्ध चित्रं काढत होता. १९१९ मध्ये त्याने १६७ काष्ठठशांची एक कादंबरी काढली, इंग्रजीत ती 'पॅशनेट जर्नी' म्हणून मिळते. एक माणूस आगगाडीतून शहरात येतो, प्रेम करतो, भांडतो, मोर्च्यात जातो, हसतो, मरतो. जर्मन आवृत्तीला थॉमस मानने प्रस्तावना लिहिली. कुठला चित्रपट मनावर सर्वांत खोल ठसला असं मानला विचारलं होतं, तर त्याने या पुस्तकाचं नाव घेतलं, असं तो स्वतःच सांगतो.

मासरील बराचसा वास्तवात असतो, आणि मध्येच नायक अचानक घरांपेक्षा उंच होऊन शहराकडे बघतो. पुढच्या पानावर पुन्हा साध्या मापाचा. कुणी दखलही घेत नाही. अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४ चा, हे त्याच्या पाच वर्षं आधीचं. त्यामुळे मूकपणा आणि अतिवास्तव यांची सोयरीक त्या चळवळीच्या आधीची आहे हे तुमच्या बाजूने नोंदवून ठेवा.

तिखटमीठ

धागा छान, पण मी विरोधी बाकावर. दोन तक्रारी. एक, ही पुस्तकं महाग असतात आणि वीस मिनिटांत संपतात. दोन, आणि ही खरी: अर्थ मीच लावायचा असेल तर लेखकाने नेमकं काय केलं? शब्द लिहिणाऱ्याला आपल्या वाक्याची जबाबदारी घ्यावी लागते. इथे काय म्हणायचं होतं असं विचारलं की 'तुम्हीच ठरवा' म्हणून सुटता येतं. विचित्र काढणं सोपं आहे हो. माशाला पाय लावले की झालं.

काजळरेघ

तिखटमीठ, दुसरी तक्रार महत्त्वाची आहे, म्हणून आधी ती घेते. माशाला नुसते पाय लावणारी पुस्तकं खूप आहेत, आणि ती चौथ्या पानावर गळपटतात. पण टॅनच्या पुस्तकातला बोटीचा प्रवास बघा. जोडपानावर साठ छोट्या चौकटी, प्रत्येकीत फक्त ढग. प्रत्येक ढग वेगळा. 'दिवसांमागून दिवस गेले' हे वाक्य वाचायला दोन सेकंद लागतात आणि त्यात एकही दिवस जात नाही. इथे डोळा एका ढगावरून दुसऱ्यावर सरकत राहतो, कंटाळतो, परत फिरतो. बोटीवरचा कंटाळा टॅनने तुमच्याकडून करवून घेतलाय. त्यात 'तुम्हीच ठरवा' कुठे आहे? किती चौकटी, केवढ्या, कुठे पान उलटायचं, हे सगळं त्याने ठरवलंय. मोकळीक आहे ती अर्थाची, अनुभवाची मुळीच नाही.

अमेरिकन चित्रकार लिंड वॉर्डने 'गॉड्स मॅन' ही मूक कादंबरी छापली तेव्हा चित्रं फक्त उजव्या पानावर घेतली, डावं पान कोरं. १३९ चित्रं, प्रत्येकासाठी पान उलटायचं. म्हणजे वाचकाच्या हाताचा वेगसुद्धा त्याने हिशेबात धरला होता.

वीस मिनिटांबद्दल: हो, पहिल्यांदा तेवढीच लागतात. मी अशा पुस्तकाचं पहिलं वाचन धरतच नाही.

शाईपेन

मी ठसे काढते (पोटापाण्यासाठी इलस्ट्रेशन, जिवासाठी लिनो आणि लाकूड), म्हणून थोडं हाताच्या बाजूने. वॉर्डचं काम वुड एन्ग्रेव्हिंगचं आहे, वुडकटचं नव्हे. वुडकटला फळीची लांबी वापरतात, रेषा रुंद येते, मासरीलसारखी. एन्ग्रेव्हिंगला लाकूड आडवं कापून त्याच्या तोंडावर कोरतात. तिथे दाणा इतका घट्ट असतो की केसाएवढी रेघ उठते. कोरलेलं तेवढं पांढरं, उरलेलं काळं. म्हणजे कलाकार काळ्या ठोकळ्यातून उजेड खोदत जातो, तोही उलट्या चित्रात, आणि खोडायची सोय नाही. या पुस्तकांत रात्र इतकी जिवंत का असते याचं निम्मं उत्तर इथे आहे. काही न करता मिळतो तो अंधार. मेहनत लागते ती दिव्याला.

वॉर्ड हे तंत्र लाइपझिगला शिकला, आणि तिथेच मासरीलचं 'द सन' त्याच्या हाती पडलं. परत जाऊन त्याने 'गॉड्स मॅन' केलं आणि ते बाहेर पडलं नेमकं ऑक्टोबर १९२९ मध्ये, वॉल स्ट्रीट कोसळली त्या आठवड्यात.

पण मला सर्वांत जवळचं त्याचं 'वाइल्ड पिलग्रिमेज' (१९३२). कारखान्यातला कामगार गाव सोडून निघतो. बाहेर घडतं ते काळ्या शाईत, त्याच्या मनात घडतं ते तांबूस-नारिंगी शाईत. फक्त शाई बदलते. एकदा ही खूण कळली की पान उलटताना कडेला नारिंगी दिसलं तरी छातीत धस्स होतं, कारण आता हा माणूस स्वतःशी काय कबूल करणार ते माहीत नसतं. गद्यात यासाठी 'त्याला वाटले की' लिहावं लागतं.

अर्न्स्टबद्दल एक बारीक गोष्ट. त्याचे सांधे दिसत नाहीत याचं कारण त्याने सगळे तुकडे एकाच जातीच्या कोरीव रेषेतून उचललेत, आणि नंतर ते छापून घेतलेत. मूळ कागदावर कापाची धार असते. छपाईत ती नाहीशी होते आणि सिंहाचं डोकं त्या कोटाच्या कॉलरमधूनच उगवल्यासारखं दिसतं. आज संगणकावर केलेल्या कोलाजांत ही शिस्त फार कमी दिसते, फोटोवर रेखाचित्र चिकटवतात आणि सगळी भुताटकी निघून जाते.

पानगळ

नारिंगी शाईबद्दल अगदी अगदी. आणि वुडरिंगची ती लहरी रेघ? सगळ्या सावल्या नागमोडी रेघांनी भरलेल्या. डोंगर, भिंत, फ्रँकचं घर, सगळं एकाच धाग्याने विणल्यासारखं.

शाईपेन

हो! बोरूच्या जातीच्या निबने काढलेली रेघ, जाड-बारीक होत जाणारी. या माणसाचं निबप्रेम एवढं की त्याने माणसापेक्षा उंच, खरोखर चालणारं टाक बनवलं आणि २०११ मध्ये सिएटलमध्ये लोकांसमोर त्याने चित्रं काढून दाखवली. वुडरिंगला लहानपणी रात्री पलंगाजवळ चेहरे तरंगताना दिसायचे, हे त्याने अनेकदा सांगितलंय. म्हणूनच बहुधा त्याच्या भासांना ओढूनताणून आणलेपण नाही. त्याने जे पाहिलंय ते तो नीट, शिस्तीत, सरळ तोंडाने काढतो.

दूरदेशी

जर्मनीतून लिहितोय. 'द अरायव्हल' मी इथे आल्यावर वाचलं, तेव्हा भाषा येत नव्हती. त्यात नायकाला भिंतीवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं आणि तो ती सगळी उलटी चिकटवतो, कारण अक्षरं वाचता येत नाहीत. मालक वैतागतो. बाकीचे वाचक त्या पानावर बहुतेक हसतात. मला हसू आलं नाही. नोंदणीच्या ऑफिसात फॉर्म हातात धरून मी असाच उभा होतो. कुठल्या चौकोनात नाव आणि कुठल्यात जन्मगाव, काही कळत नव्हतं, आणि मागे रांग.

म्हणून मला वाटतं की या पुस्तकात अतिवास्तव हे शोभेसाठी नाही. टॅनने खरं न्यूयॉर्क काढलं असतं तर इंग्रजी वाचणाऱ्याला पाट्या वाचता आल्या असत्या आणि तो नायकाच्या पुढे गेला असता. रचलेल्या लिपीपुढे सगळे वाचक सारखेच निरक्षर. त्यात नायकाला भाकरी हवी असते तेव्हा तो वहीत भाकरी काढून दाखवतो, खोली हवी असते तेव्हा पलंग. मीही तेच केलंय, औषधाच्या दुकानात.

टॅनचे वडील मलेशियातून ऑस्ट्रेलियात आले, आणि मुखपृष्ठ-मलपृष्ठांच्या आतल्या बाजूला जे असंख्य पासपोर्टी चेहरे आहेत त्यांची प्रेरणा न्यूयॉर्कजवळच्या एलिस आयलंड या नोंदणीच्या बेटावरून अमेरिकेत गेलेल्या स्थलांतरितांच्या जुन्या फोटोंची. ते चेहरे बघत मी बराच वेळ बसलो होतो.

बाकावरचा

दूरदेशी, फार चांगलं लिहिलंत.

मी शाळेत शिकवतो. २०१२ मध्ये 'इबी' या बालपुस्तकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लाम्पेदुसा या इटलीच्या बेटासाठी मूक पुस्तकांचा संग्रह उभारला. आफ्रिकेतून होड्यांनी येणारी मुलं तिथे उतरतात, स्थानिक मुलांची आणि त्यांची भाषा एक नाही. मग जगभरातून शब्द नसलेली पुस्तकं मागवली. कल्पना साधी, पण तिच्यामागे फार मोठा विश्वास आहे की चित्र पुरेसं आहे.

ते वाचून मी 'द अरायव्हल' सहावीच्या वर्गात नेलं. सुरुवातीच्या गावावर एक काळी, काटेरी, अजगरासारखी शेपटी वळवळत असते. कुणाची ते दाखवलेलं नाही. मी फक्त विचारलं, हे काय? एक म्हणाला साप. एक म्हणाला लढाई. मागच्या बाकावरचा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "सर, कर्ज." वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी उभी राहिली, म्हणाली की शेपटी खरी नाहीच, ती फक्त त्या बाबाला दिसतेय, कारण चित्रात दुसरं कुणी वर बघत नाही. सगळ्यांनी पुस्तकावर झडप घातली, कोण वर बघतंय ते मोजायला. धड्याखालच्या प्रश्नांना हे कधी झालेलं नाही.

तिखटमीठ, तुमच्या 'अर्थ मीच लावायचा तर' ला माझं उत्तर हे पोर आहे. त्याला स्वतःचा अर्थ सांगायची जागा मिळाली, आणि ती चित्रकाराने मुद्दाम ठेवली होती.

उंबरठा

सगळी नावं बाहेरची येतायत, म्हणून आपल्याकडची एक आठवण. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी. ठाकर समाजातली कलावंत मंडळी रामायण-महाभारतातल्या आख्यानांच्या चित्रांची पोथी सांभाळतात. सुटी पानं, एकामागून एक उभी करून दाखवायची, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. चित्रात अक्षर नाही, पान उलटलं की प्रसंग बदलतो. ही मूक चित्रकादंबरी नव्हे तर काय?

काजळरेघ

उंबरठा, पिंगुळीची पानं मलाही अतिशय आवडतात, ते मोठाले डोळे आणि एका बाजूला वळलेले चेहरे. पण मी तिला मूक म्हणणार नाही. तिथे आवाज आहे. वीणा, टाळ, हुडुक वाजतो, माणूस गातो आणि चित्र त्या गाण्याच्या मागून येतं. गोष्ट सगळ्यांना आधीच ठाऊक असते. वुडरिंगकडे नेमकं याच्या उलट आहे, गोष्ट कुणालाच ठाऊक नाही आणि सांगणारा निघून गेलाय.

उंबरठा

मान्य नाही, पण रस्ता कळला. गाणं थांबल्यावरही चित्र काही क्षण तसंच उभं धरलेलं असतं. मी त्या क्षणांबद्दल बोलतोय. लहान मूल कथेकडे लक्ष न देता नुसतं पान बघत बसतं, त्याच्यापुरती ती पोथी मूकच असते.

तिखटमीठ

बाकावरचा, तुमच्या वर्गाचा किस्सा लाखमोलाचा. पण माझं मत कायम. दरम्यान एका मित्राकडून 'गॉड्स मॅन' आणून वाचलं. चित्रकाराला मुखवटेवाला अनोळखी माणूस जादूचा कुंचला देतो, बदल्यात करार. यश, शहर, पैसा, बाई, विश्वासघात, आणि शेवटी मुखवट्यामागे काय असणार ते मला पहिल्या वीस पानांत कळलं होतं. कोरीवकाम अप्रतिम, गोष्ट कीर्तनातल्या दृष्टांताइतकी सरळ. हेच शब्दांत लिहिलं असतं तर तुम्हीच बाळबोध म्हणाला असतात.

काजळरेघ

'गॉड्स मॅन'च्या गोष्टीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. तिथे प्रत्येक आकृतीवर अदृश्य पाटी आहे: हा पैसा, ही वासना, हा मृत्यू. शब्द नाहीत पण नावं आहेत, आणि म्हणून ते पुस्तक मला बघायला आवडतं, परत वाचायला नाही. माझं मूळ म्हणणं यानेच बळकट होतं. वॉर्डलाही ते उमगलं असावं, कारण आठ वर्षांनी, १९३७ मध्ये आलेलं 'व्हर्टिगो' फार गुंतागुंतीचं आहे. २३० चित्रं, मंदीच्या काळातली एक मुलगी, एक मुलगा आणि एक म्हातारा श्रीमंत. म्हाताऱ्याला नुसता खलनायक करून सोडलेलं नाही, त्याच्या एकटेपणालाही पानं दिलीत. त्यात पाट्यांवर, कागदांवर शब्द दिसतात, तरी अर्थ 'गॉड्स मॅन'पेक्षा कितीतरी कमी ठरलेला. मित्राकडे असेल तर तेच मागा.

नवी_पालवी

पहिल्यांदाच लिहितेय. सुरुवात कुठून करू? आणि माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिच्यासोबत यातलं काय बघता येईल?

काजळरेघ

नवी_पालवी, स्वागत. मुलीसोबत 'द अरायव्हल' नक्की. मध्ये युद्धाची आणि पळून जाण्याची काही पानं गडद आहेत, तेव्हा आधी स्वतः बघून घ्या. तिला सांगू नका, तिला सांगू द्या. अर्न्स्ट तिच्यापासून लांब ठेवा, त्यात हिंसा आणि लैंगिक क्रौर्य भरपूर आहे. वुडरिंग दिसायला कार्टून, पण त्याच्या मॅनहॉग या डुकरासारख्या पात्राचे जे हाल होतात ते मोठ्यांनाही सोसत नाहीत.

तुमच्यासाठी: भारतातलं हवं असेल तर अप्पूपेनचं 'लेजंड्स ऑफ हलाहला' (२०१३). समुद्रमंथनातल्या विषाचं नाव घेतलेलं जग, पाच प्रेमकथा, प्रत्येकीची चित्रशैली वेगळी, संवाद नाहीत. मासरील, वॉर्ड आणि 'युन समेन द बोंते' यांच्या डोव्हर या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या कागदी बांधणीच्या आवृत्त्या आहेत. त्या तुलनेने स्वस्त पडतात, तिखटमीठ यांच्या पहिल्या तक्रारीवर हाच तोडगा. फोनच्या पडद्यावर मात्र बघू नका. चौकट मोठी करत गेलात की पानाची मांडणी मोडते आणि त्या साठ ढगांचा एकेक सुटा ढग होतो.

पानगळ

मासरील आवडला तर बर्टोल्ड बार्टोशची 'द आयडिया' (१९३२) ही छोटी ॲनिमेशन फिल्मही शोधा. मासरीलच्या त्याच नावाच्या पुस्तकावरून केलेली, संगीत आर्थर होनेगरचं. पुस्तकाच्या ८३ ठशांत जे कडक, काळं-पांढरं आहे ते तिथे धुक्यात विरघळतं. मला पुस्तक जास्त आवडतं. शाईपेन, तुमचं मत वाचायला आवडेल.